हळदीला बनियन फाडतात

हे वाचणाऱ्याने बहुधा दाराची कडी लावलेली असेल. मीही तसाच वाचायचो, मोबाईलचा आवाज बंद करून, आणि कोणाची चाहूल लागली की पटकन क्रिकेटचा स्कोअर उघडायचो. तेव्हा मला डॉक्टरांनी लिहिलेलं बरंच सापडलं, पण माझ्यासारख्या माणसाने लिहिलेलं काही सापडलं नाही. म्हणून लाज गिळून लिहितोय. ती पूर्ण गिळली गेलेली नाही, हे वाचताना कळेलच.

तेराव्या-चौदाव्या वर्षापासून माझी छाती बाईसारखी वाढली. बाकी अंग काटकुळं. हात बारीक, पोट सपाट, आणि मध्ये हे असं. जाड माणसाला निदान 'किती खातोस' असं तरी म्हणता येतं. मला बघून लोक आधी गप्प व्हायचे आणि मग हसायचे. रामाकोन्याला, म्हणजे आमच्या गावी, शाळेत कबड्डीचा एक संघ शर्ट घालून खेळायचा आणि दुसरा उघडा. एकदा मास्तरांनी मला उघड्यांच्या संघात टाकलं. मी पाय मुरगळल्याचं सोंग केलं आणि कडुनिंबाखाली जाऊन बसलो. पोरं काही खुळी नव्हती. त्या दिवसापासून मी वर्गाचा 'काकू' झालो.

आता मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. बारा महिने अंगात दोन बनियनी, वर सैल शर्ट, आणि शिकवताना हाताची घडी. पोरांना वाटतं सर कडक आहेत.

हळद

लग्नाला मी नाही म्हणत होतो ते हळदीमुळे. मुलीला कसं तोंड दाखवू हा विचार नंतरचा. आधी भीती होती ती हळदीची.

आमच्या इकडे नवरदेवाला पाटावर बसवतात, आत्या-मावश्या हळद लावतात आणि मग पोरं त्याची बनियन फाडतात. डीजे वाजत असतो, अंगणात सगळं गाव असतं, आणि फाडलेल्या चिंध्या आंब्याच्या फांदीवर फेकतात. आमच्या नात्यात पहिला हात घालायचा मान माझ्या भाऊजींचा. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. सौसरला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. बोलणं मोठं, पोट त्याहून मोठं, आणि लग्न कोणाचंही असो, भाऊजी आल्याशिवाय हळदीला रंग चढत नाही. चुलतभावाच्या हळदीत त्यांनी बनियनला असा हिसका दिला होता की तो बिचारा पाटासकट आडवा झाला. सगळे पोट धरून हसले. मी घरात जाऊन पाणी प्यायलो. माझी पाळी आली तर काय, याच विचाराने मला घाम फुटला होता.

मग लोधीखेड्याचं स्थळ आलं. मुलगी प्रणाली, प्राथमिक शाळेत शिकवणारी. तिचे वडील निवृत्त मास्तर. मी तिला पाहायला गेलो तेव्हा तिने सरळ विचारलं, "तुम्ही बोलताना हात असे बांधून काहून बसता?" मी म्हटलं, सवय आहे. ती म्हणाली, "माह्या वर्गात मी पोरायले बसवते असं." मी हसलो आणि हात सोडले. किती वर्षांनी कोणाच्या समोर हात सोडून बसलो होतो! ती मला आवडली. घरी येऊन आईला हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टरसमोर

शर्ट काढा म्हणाले. मी वरचं एक बटण काढलं आणि थांबलो. डॉक्टर आपले खाली मान घालून काहीतरी लिहीत बसले, बहुतेक मुद्दामच. तपासताना त्यांनी विचारलं, कोणतं औषध घेता का, दारू किती, जिमवाल्याने दिलेली पावडर वगैरे? काही नाही म्हटलं. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी झाली. मग म्हणाले, "यात चरबी आहे आणि खाली ग्रंथी आहे. चरबी नळीने ओढून काढू, त्याला लायपोसक्शन म्हणतात. ग्रंथीसाठी छोटीशी चीर लागेल. व्यायामाने ती जाणार नाही. यात तुमची काही चूक नाही."

मी कित्येक वर्षं गच्चीवर दंड मारले होते. चूक नाही हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण बाहेर येऊन गाड्यांच्या स्टँडजवळ उभा राहिलो आणि रडलो. एवढं सोपं होतं तर मी कोणाला विचारलं का नाही, याचीच लाज वाटली.

एक अट होती, सोबत घरचं माणूस हवं. वडील गेल्यापासून आमच्या घरात घरचं माणूस म्हणजे भाऊजी. ज्यांच्या हाताची भीती, त्यांच्याच दुकानात जाऊन मला सांगावं लागलं. मागे पीव्हीसी पाइप रचले होते, तिथे त्यांना नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. भाऊजी पाइपांकडेच बघत होते.

"किती वेळ लागते?"

"दोन-तीन तास म्हणतात."

"अन् दुखते का?"

"मले काय माहीत, भाऊजी."

"चाल मंग. येतो मी," ते म्हणाले. "ताईले सांगत नाही."

आता टोमणा येईल, मग येईल, म्हणून नागपूरपर्यंत मी वाट पाहिली. तो आलाच नाही. आईला मात्र मी थाप मारली, नागपूरला शाळेची ट्रेनिंग आहे म्हणून. ही थाप पुढे मला कुठे नेऊन आपटणार आहे, ते तेव्हा कळलं नाही.

काय काय होतं

ज्याला हे करायचं आहे त्याच्यासाठी थोडं खरं खरं सांगतो.

ऑपरेशनच्या आधी तुम्हाला आरशासमोर उभं करून छातीवर पेनाने रेघा मारतात. नर्स असते, आणखी एक डॉक्टर असतो. त्या क्षणी जमीन फाटावी असं वाटतं. पण त्यांच्यापैकी कोणी हसत नाही. माझ्या उघड्या अंगाकडे बघून न हसणारी इतकी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

भूल उतरल्यावर छातीवर म्हैस बसल्यासारखं वाटतं. अंगात एक करकचून आवळणारं जाकीट घातलेलं असतं. टाक्यांतून गुलाबी पाणी गळतं, चादर भिजते, आणि आपण मेलो असं वाटतं. मेलेलो नसतो. ऑपरेशनच्या वेळी आत सोडलेलं पाणी बाहेर येतं, एवढंच. जुन्या चादरी सोबत न्या. पलंगावरून उठताना हाताला जोर देता येत नाही, कोणीतरी पाठीला हात लावून उठवावं लागतं. मला भाऊजींनी उठवलं. माझ्या लुंगीचं टोक सुटलं तर ते त्यांनी दुसरीकडे बघत खोचून दिलं.

जाकीट पहिल्यांदा काढलं की चक्कर येते. तेव्हा उभे राहू नका, स्टूल घ्या. आणि आरशात बघायची घाई करू नका. मी केली. सूज एवढी होती की छाती होती तशीच दिसत होती, वर काळीनिळी झालेली. मी सगळं फुकट गेलं म्हणून बसलो. निळं हिरवं झालं, मग पिवळं झालं, आणि पोटापर्यंत उतरलं. हळद लागायच्या आधीच मी पिवळा झालो होतो. कातडी कित्येक दिवस बधिर राहते, आत कडक गोळे लागतात, ते हळूहळू विरतात. फळ्यावर वरच्या बाजूला लिहिता येत नाही. मी खालच्या अर्ध्या फळ्यावर गणितं सोडवायला लागलो, तर मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघायची.

निघताना भाऊजींनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, वय झाल्यावर हे आपोआप जाते का?" डॉक्टर म्हणाले, सहसा नाही. मला वाटलं, माझ्यासाठीच विचारताहेत. वॉर्डातला पंखा बंद पडला होता आणि उकाड्याने सगळे हैराण होते, तरी भाऊजी गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते. मी ते पाहिलं आणि विसरलो.

थाप

लग्न मे महिन्यात. तोवर जाकीट निघेल हा माझा हिशेब होता. पण डाव्या बाजूला आत पाणी साचलं. डॉक्टरांनी सुईने काढलं आणि म्हणाले, जाकीट अजून वापरावं लागेल, लग्नाच्या दिवशीसुद्धा. असं होतं कधीकधी, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मी मात्र घाबरलो, कारण माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते अंगण होतं.

मी आईला सांगितलं, लग्न पुढे ढकल.

"पत्रिका वाटून झाल्या न् आता ढकलू? काहून?"

"नाही सांगता येत."

"पोरगी आवडली नाही का? का दुसरी कोणी हाय?"

मी काही बोललो नाही. तेवढं न बोलणं पुरलं. दोन दिवसांत बातमी लोधीखेड्याला पोचली आणि प्रणालीचे वडील आमच्या दारात आले. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. भाऊजी आईने बोलावल्यामुळे आलेले होते, ते खुर्चीच्या कडेवर बसले.

मास्तर मला म्हणाले, "तुमच्या आईनं फोनवर सांगतलं होतं, पोरगा नागपूरले ट्रेनिंगले गेला. मी त्यायले काही बोललो नाही. पण बावा, मी पस्तीस वर्षं नौकरी केली. आपलं मध्य प्रदेशचं खातं. आपल्या ट्रेनिंगा छिंदवाड्याले होतात, नाही तं भोपाळले. महाराष्ट्रात आपल्याले कोण ट्रेनिंग देते?"

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला बिचारीला नागपूर जवळ म्हणून आपलंच वाटायचं, आणि मलाही थाप मारताना हद्द आठवली नव्हती.

मास्तरांनी हात जोडले. "नागपुरात कोणी असंन तं सांगून टाका. मी भांडत नाही. पण आमच्या गावात लोक म्हणून राहिले, पोरीतच काही खोट असंन. दोन दिवस झाले, ती शाळेत गेली नाही."

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांनी शब्द दिला होता, ते बोलले नाहीत. दोन शब्द मला बोलता आले असते. छातीला करकचून जाकीट होतं, वर शर्ट होता, आणि मी म्हातारा माणूस हात जोडून उभा असताना गप्प बसलो. ते चपला घालून गेले. आजवर माझ्या छातीची जेवढी लाज वाटली, ती सगळी एकीकडे ठेवली तरी त्या दिवसाची लाज जड भरेल.

संध्याकाळी मीच प्रणालीला फोन लावला आणि सांगितलं. काकू म्हणायचे तिथपासून जाकीटापर्यंत सगळं.

मग ती म्हणाली, "म्हणजे माहे बाबा तुमच्या दारात हात जोडून आले, ते यासाठी?"

"हो."

"तुमच्या छातीसाठी माही इज्जत गेली."

"हो."

"नुसतं हो हो नका करू," ती चिडून म्हणाली आणि रडायला लागली. मला शिव्या चालल्या असत्या. रडणं थांबल्यावर तिने विचारलं, "अजून दुखते का?"

"हसलं की दुखते."

"मंग बरं हाय. सध्या नका हसू." मग म्हणाली, "लग्न ठरल्या दिवशीच होईन. बाबाले मी सांगते. पण उद्या तुम्ही इथं या न् त्यायच्या पाया पडा."

मी गेलो आणि पडलो. मास्तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दुखणं लपवाची गोष्ट हाय का, बावा?" त्यांनी कोणतं दुखणं ते विचारलं नाही.

आईला सांगणं त्याहून कठीण गेलं. ती ऐकून म्हणाली, "माह्याच काही खाण्यात आलं असंन, तू पोटात होता तवा." कितीही सांगितलं तरी तिला ते पटत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून जाकीट तीच धुवायची. अंगणातल्या दोरीवर नाही, आतल्या खोलीत दाराच्या मागे वाळत घालायची, वर तिचं लुगडं टाकून. मला कधी मागावं लागलं नाही.

अंगणात

हळदीच्या दिवशी मी पाटावर बसलो. आत जाकीट, वर बनियन. आईने आधीच सगळ्यांना सांगितलं होतं, "दुखणं झालं त्याले, बनियन राहू द्या." पण हळदीत कोण कोणाचं ऐकतं! डीजे वाजायला लागला, आत्याने गालाला हळद लावली, आणि पोरं ओरडायला लागली, "भाऊजी, सुरू करा! भाऊजी!"

भाऊजी आले. त्यांनी माझ्या बनियनच्या गळ्याला हात घातला. मी डोळे मिटले. बोटं गळ्याशी थांबली. मग ती निघून गेली.

"आज नवरदेवाले सोडा रे!" भाऊजी ओरडले. "दर लग्नात मीच फाडतो. माही कोणं फाडली का? या, हाय का हिंमत?" आणि त्यांनी स्वतःच्या शर्टाची बटणं काढली.

पोरांना तेच हवं होतं. सात-आठ जण तुटून पडले. बनियन टर्रकन फाटली, गळ्यापासून बेंबीपर्यंत.

माझं होतं तेच त्यांचंही होतं. माझ्यापेक्षा जास्त. पोटावर टेकलेलं, आणि बाकीच्या अंगापेक्षा गोरं, कारण त्या अंगाला कधी ऊन लागलंच नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी उघडं पाहिलं नव्हतं. गावच्या विहिरीवर नाही, मेच्या उकाड्यात गच्चीवर झोपताना नाही. जो सगळ्यांची फाडतो त्याची कोणी फाडत नाही, हे त्यांनी कधीतरी तरुणपणी ओळखलं असणार.

अंगण क्षणभर गप्प झालं. मग कोणीतरी म्हणालं, "भाऊजी, तुमाले तं ब्लाउज लागंन!" आणि हसण्याचा असा काही लोट उठला की डीजे ऐकू येईना. बायकांनी पदर तोंडाला लावले. माझी ताईसुद्धा खाली मान घालून हसली. भाऊजींनी आत्याच्या हातातली हळद घेतली आणि स्वतःच्या छातीला फासली, दोन्ही हातांनी, नाचत नाचत. लोक आणखी हसले.

मीही हसलो. जाकीटात टाके ओढले, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसू थांबेना. नाचता नाचता भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तेव्हा हसत होतो.

माझी बनियन कोणी फाडली नाही.

आता

जाकीट गेलं. सूज गेली. चिरांच्या जागी बारीक रेघ आहे, ती बघितल्याशिवाय दिसत नाही. डावी बाजू उजवीपेक्षा किंचित दबलेली आहे. प्रणाली म्हणते तिला कळत नाही, मला कळतं. एक बनियन घालतो. वर्गात हात मोकळे असतात आणि पोरं पूर्वीइतकी घाबरत नाहीत, याचा तोटाच होतो. विम्यात हे बसत नाही बऱ्याचदा, आधी विचारून घ्या. घरात निदान एकाला तरी सांगा, आणि थाप मारायचीच तर आपल्या राज्यातली मारा.

मागच्या रविवारी रामाकोन्याच्या बगिच्यात गेलो होतो. भाऊजी पाइप बघायला आले होते. संत्र्यांना पाणी सुरू होतं, ऊन डोक्यावर. मी शर्ट काढला, बनियन काढली आणि मोटारच्या धारेखाली उभा राहिलो. उघड्यावर, दिवसाढवळ्या, जन्मात पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच.

भाऊजी बांधावर बसले होते. गळ्यापर्यंत बटणं, पाठ घामाने ओली.

"या ना भाऊजी," मी म्हटलं. "काढा शर्ट. इथं कोण हाय पाहाले? न् आपण डॉक्टरकडे जाऊ, मी येतो सोबत."

त्यांनी गळ्याचं बटण चाचपून पाहिलं.

"बाकीच्यायचं काही नाही रे," ते म्हणाले. "ते हसतातच. तू नव्हतं हसाले पाहिजे."

मी मोटार बंद केली. ओल्या अंगावरच शर्ट घातला आणि बटणं लावून त्यांच्या शेजारी बांधावर बसलो.